जीप (मोटारवाहनांची नाममुद्रा)

जीप ही अमेरिकेतील मोटारवाहनांची एक नाममुद्रा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी भूदलासाठी तयार झालेल्या, चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळणाऱ्या एका हलक्या टेहळणी-गाडीपासून तिचा उगम झाला. सध्या ही नाममुद्रा स्टेलँटिस या बहुराष्ट्रीय वाहनसमूहाच्या मालकीची असून तिच्या नावाने मुख्यतः एसयूव्ही वर्गातील वाहने विकली जातात. रँग्लर, ग्रँड चेरोकी आणि कंपास ही त्यांपैकी विशेष प्रसिद्ध वाहने होत. भारतातील तिचा कारखाना महाराष्ट्रात पुण्याजवळ रांजणगाव येथे आहे.

फोर्ड, क्रायस्लर, ब्यूक ही नावे त्या त्या कंपनीच्या संस्थापकांवरून आलेली आहेत. जीपला असा संस्थापक नाही. तिचा मूळ आराखडा एका कंपनीचा, इंजिन दुसरीचे, दर्शनी जाळी तिसरीची आणि नाव बहुधा सैनिकांच्या बोलीतून आलेले. त्यामुळे जीपवर हक्क कोणाचा, हा प्रश्न तिच्या जन्मापासूनच निर्माण झाला आणि पुढे वेगवेगळ्या स्वरूपात अनेकदा न्यायासनांपुढे गेला.

उगम

पहिल्या महायुद्धानंतर निरोप पोहोचवणे, टेहळणी करणे आणि हलकी शस्त्रे ओढणे या कामांसाठी अमेरिकी भूदल प्रामुख्याने घोडे आणि साइडकार जोडलेल्या मोटारसायकली वापरत होते. युरोपात युद्ध पेटल्यावर या कामांसाठी लहान मोटारगाडीची निकड भासू लागली. जुलै १९४० मध्ये भूदलाने १३५ कारखानदारांना निविदा पाठवल्या. अटी कठोर होत्या. गाडी चारही चाकांनी ओढणारी हवी, तिचे वजन १,३०० पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ५९० किलोपेक्षा, अधिक नसावे आणि तिने ६०० पौंडांचा भार वाहावा. निविदा ११ दिवसांत भरायची होती, पहिला नमुना ४९ दिवसांत आणि ७० गाड्या ७५ दिवसांत द्यायच्या होत्या. एवढ्या मोठ्या संख्येतून अमेरिकन बँटम आणि विलिस-ओव्हरलँड या दोनच कंपन्या पुढे आल्या. पहिल्या अटीतील वजनात अशी गाडी बनवणे कोणालाच शक्य नव्हते. ती मर्यादा पुढे वाढवून २,१६० पौंड, म्हणजे सुमारे ९८० किलो, करण्यात आली.

पेनसिल्व्हेनिया राज्यातील बटलर या गावची बँटम ही अगदी लहान कंपनी होती. ती छोट्या मोटारगाड्या बनवत असे. परंतु मोठ्या गाड्यांची आवड असलेल्या अमेरिकेत तिचा माल खपत नव्हता आणि १९४० मध्ये ती दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. आराखडा करण्यासाठी तिच्याकडे स्वतःचे अभियंतेही उरले नव्हते. तिने डेट्रॉइटमधील कार्ल प्रॉब्स्ट या स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या अभियंत्याला बोलावले. प्रॉब्स्ट यांनी १७ जुलै रोजी काम हाती घेतले आणि दोन दिवसांत गाडीचा संपूर्ण आराखडा कागदावर उतरवला. २२ जुलै रोजी बँटमने निविदा सादर केली. विलिस-ओव्हरलँडची बोली कमी रकमेची होती; मात्र ४९ दिवसांची हमी ती देऊ शकली नाही आणि काम बँटमला मिळाले.

आस आणि ट्रान्सफर केस स्पायसर या कंपनीकडून, इंजिन कॉन्टिनेन्टलकडून आणि अनेक लहानमोठे भाग बाजारात तयार मिळतील ते घेऊन बँटमने पहिली गाडी हाताने जुळवली. २३ सप्टेंबर १९४० रोजी ती रस्त्याने चालवत मेरीलँड राज्यातील कॅम्प होलाबर्ड या लष्करी तळावर नेण्यात आली. मुदत सायंकाळी पाच वाजता संपत होती. गाडी अर्धा तास आधी पोहोचली.

भूदलाच्या चाचण्यांत गाडी उतरली. मात्र लाखोंच्या संख्येने गाड्या पुरवण्याची बँटमची कुवत नाही, असे लष्करी अधिकाऱ्यांचे मत झाले. चाचण्या चालू असताना विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड यांच्या प्रतिनिधींना ती गाडी पाहू देण्यात आली आणि बँटमचे आराखडेही त्यांना देण्यात आले. आराखडे ही सरकारची मालमत्ता आहे, अशी भूदलाची भूमिका होती. नोव्हेंबर १९४० मध्ये विलिसची ‘क्वाड’ आणि फोर्डची ‘पिग्मी’ होलाबर्डला आल्या, तेव्हा दोन्हींचे बँटमशी असलेले साम्य उघड दिसत होते. त्यानंतर तिन्ही कंपन्यांकडून प्रत्येकी १,५०० गाड्या मागवण्यात आल्या. बँटमच्या गाडीला बीआरसी-४०, विलिसच्या गाडीला एमए आणि फोर्डच्या गाडीला जीपी ही नावे होती.

या तिघींत विलिसची गाडी पुढे राहिली ती इंजिनाच्या जोरावर. विलिसचे मुख्य अभियंता डेल्मार ‘बार्नी’ रूस यांनी कंपनीच्या जुन्या चार सिलिंडरच्या इंजिनात क्रमाने सुधारणा करून त्याची शक्ती ४८ वरून ६० अश्वशक्तीवर नेली होती. ‘गो डेव्हिल’ या नावाने ओळखले जाणारे हे २.२ लिटरचे इंजिन बँटमच्या ४५ अश्वशक्तीच्या इंजिनापेक्षा बरेच सरस होते; पण ते जडही होते. इंजिन बदलायचे नाही असे ठरवून रूस यांनी उरलेल्या गाडीचे वजन घटवले. गाडीचा एकेक भाग तपासून खिळे-बोल्ट जरुरीपुरतेच लांब ठेवण्यात आले आणि रंगाच्या थराचे वजनही हिशेबात धरले गेले. जुलै १९४१ मध्ये १६,००० गाड्यांचे काम विलिसला मिळाले. प्रत्येक गाडीची किंमत ७३८.७४ डॉलर होती. विलिसच्या गाडीत बँटम आणि फोर्ड यांच्या गाड्यांतील चांगल्या गोष्टी समाविष्ट करून जे अंतिम रूप ठरले, ते विलिस एमबी होय.

एकाच कारखान्यावर विसंबणे युद्धकाळात धोक्याचे असल्याने १९४१ च्या अखेरीस फोर्डलाही तीच गाडी बनवण्याचे काम देण्यात आले. फोर्डच्या गाडीचे नाव जीपीडब्ल्यू. त्यातील शेवटचे अक्षर विलिसचे. दोन्ही गाड्यांचे भाग परस्परांना बसत असत, तरी फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, ‘एफ’ हे अक्षर ठसवले. विलिस सुरुवातीला लोखंडी पट्ट्या जोडून गाडीची दर्शनी जाळी बनवत असे. फोर्डने पोलादी पत्रा दाबून उभ्या खाचांची हलकी आणि स्वस्त जाळी तयार केली व तीच पुढे सर्व गाड्यांना लागली. आज जी जाळी जीपची ओळख मानली जाते, तिचे मूळ असे प्रतिस्पर्धी कारखान्यात आहे.

युद्ध संपेपर्यंत विलिसने सुमारे ३,६०,००० आणि फोर्डने सुमारे २,८०,००० गाड्या तयार केल्या. सोव्हिएत संघाला त्यांपैकी सुमारे ५०,००० मिळाल्या. बँटमच्या गाड्यांची एकूण संख्या मात्र २,७०० च्या आसपासच राहिली. तिच्याकडे जीपमागे जोडण्याच्या ट्रेलरांचे काम सोपवण्यात आले आणि मोटारगाडी तिने पुन्हा कधी बनवली नाही.

नावाची व्युत्पत्ती

जीप या नावाविषयी अनेक मते प्रचलित आहेत. ‘जनरल पर्पज’ म्हणजे सर्वोपयोगी या शब्दांच्या आद्याक्षरांचा जलद उच्चार होऊन हे नाव बनले, हे मत सर्वाधिक ऐकू येते. ते सहज पटण्याजोगे असले तरी त्याला आधार कमी आहे. फोर्डच्या संकेतपद्धतीत ‘जी’ म्हणजे सरकारी वाहन आणि ‘पी’ म्हणजे पुढच्या व मागच्या आसांत ८० इंच अंतर असलेली गाडी असा अर्थ होता; सर्वोपयोगीपणाशी त्याचा संबंध नव्हता. शिवाय ही गाडी अस्तित्वात येण्यापूर्वीच अमेरिकी सैनिक नवख्या शिपायांना आणि चाचणीसाठी आलेल्या वाहनांना ‘जीप’ म्हणत असत. ‘पॉपाय’ या चित्रमालिकेत ई. सी. सेगर यांनी १९३६ मध्ये ‘यूजीन द जीप’ हा अद्भुत शक्ती असलेला लहानसा प्राणी आणला होता. कुठेही जाऊ शकणाऱ्या या प्राण्यामुळे तो शब्द लोकांच्या तोंडी बसला.

छापील मजकुरातून हे नाव सर्वदूर पोहोचले ते फेब्रुवारी १९४१ मध्ये. विलिसने वॉशिंग्टन येथे एका प्रात्यक्षिकात आपली गाडी संसद भवनाच्या पायऱ्यांवरून चढवून दाखवली. ‘वॉशिंग्टन डेली न्यूज’च्या वार्ताहर कॅथरीन हिल्यर यांनी चालक आयर्विंग हाउसमन यांच्याकडून गाडीचे नाव ऐकले आणि बातमीत ‘जीप’ असेच छापले.

श्रेयाचा वाद आणि व्यापारचिन्ह

युद्ध चालू असतानाच विलिस-ओव्हरलँडने जीप ही आपली निर्मिती असल्याच्या जाहिराती दिल्या आणि १९४३ मध्ये ‘जीप’ हे व्यापारचिन्ह म्हणून नोंदवण्यासाठी अर्ज केला. बँटमचा याला विरोध होता. त्याच वर्षी अमेरिकेच्या संघराज्य व्यापार आयोगाने या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या असल्याची तक्रार दाखल केली. १९४८ मध्ये आयोगाने निर्णय दिला. जीपची कल्पना भूदलातील काही अधिकारी व अमेरिकन बँटम यांच्या सहकार्यातून साकार झाली असून विलिसने तिच्या निर्मितीचे श्रेय स्वतःकडे घेऊ नये, असा त्याचा आशय होता. तोवर बँटमची गाडी बाजारात उरली नव्हती आणि या निर्णयाचा तिला काही लाभ झाला नाही. १९५० मध्ये जीप हे व्यापारचिन्ह विलिस-ओव्हरलँडच्या नावे नोंदले गेले.

या नोंदणीचा परिणाम अमेरिकेबाहेरही झाला. टोयोटाने १९५१ मध्ये बीजे ही गाडी ‘टोयोटा जीप’ या नावाने आणली होती. १९५४ मध्ये तिला लँड क्रूझर हे नाव देण्यात आले. जपानमध्ये जीप बनवण्याचा परवाना मित्सुबिशीने घेतला आणि १९५३ पासून १९९८ पर्यंत तिथे जीप तयार होत राहिली. फ्रान्समध्ये हॉचकिस कंपनीला परवाना मिळाला. ब्रिटनमधील लँड रोव्हर ही १९४८ मध्ये आलेली गाडी परवान्याने बनलेली नव्हती. तथापि तिचा पहिला नमुना जीपच्याच सांगाड्यावर उभारला होता.

नागरी जीप

युद्धानंतर ही गाडी शेतकऱ्यांना विकण्याचा विचार विलिसने केला. १९४५ मध्ये आलेल्या सीजे-२ए या पहिल्या नागरी जीपला मागे उघडणारा फाळका, बाजूला लावलेली स्टेपनी, मोठे दिवे आणि इंजिनाच्या गतीवर शेतीची अवजारे चालवण्यासाठी पीटीओची सोय होती. सीजे ही ‘सिव्हिलियन जीप’ या शब्दांची आद्याक्षरे. दिवे मोठे झाल्याने जाळीतील खाचा नवांवरून सातांवर आल्या आणि सात खाचा हेच पुढे चिन्ह बनले. सात खंडांशी किंवा अन्य कशाशी या संख्येचा संबंध जोडला जातो, परंतु मूळ कारण जागेचे होते. सीजे-२ए च्या दोन लाखांहून अधिक गाड्या १९४९ पर्यंत तयार झाल्या. नांगर ओढण्यात ती ट्रॅक्टरची बरोबरी करू शकली नाही. लाकूडतोड, खाणकाम, टपाल आणि बर्फ हटवणे अशा कामांत मात्र ती रुळली.

याच काळात लष्कराच्या शिलकी जीप पेटीत बंद करून ५० डॉलरना मिळतात, अशी वदंता अमेरिकेत पसरली. मासिकांतील तशा जाहिरातींना पैसे पाठवणाऱ्यांना जीपऐवजी सरकारी लिलावांची माहिती देणारी पुस्तिका मिळत असे. वदंता पुढे अनेक दशके टिकली.

१९५३ मध्ये आलेल्या सीजे-३बी या गाडीत ‘हरिकेन’ हे उंच इंजिन बसवण्यासाठी बॉनेट वर उचलावे लागले. दिसायला ती काहीशी बोजड होती. भारतातील वाचकांच्या डोळ्यांपुढे जीप म्हटल्यावर जे रूप येते, ते बहुधा याच गाडीचे असते. कोरियाच्या युद्धकाळात बनलेल्या एम३८ए१ या लष्करी गाडीवरून तयार केलेली, गोलाकार बॉनेटची सीजे-५ ही १९५५ ते १९८३ अशी जवळजवळ तीन दशके विकली गेली व तिच्या सहा लाखांहून अधिक प्रती निघाल्या. १९७६ च्या सीजे-७ मध्ये आसांमधील अंतर वाढवून दरवाजे रुंद करण्यात आले.

उंच बांधणी आणि आखूड लांबी यांमुळे दुर्गम वाटेवर उपयोगी पडणारी ही गाडी डांबरी रस्त्यावर वेगाने वळताना उलटण्याचा धोका असे. १९८० मध्ये ‘सिक्स्टी मिनिट्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात सीजे-५ उलटण्याच्या चाचण्या दाखवण्यात आल्यावर यावर मोठी चर्चा झाली. सीजे मालिका १९८६ मध्ये संपली. १९८७ च्या रँग्लरमध्ये चाकांमधील रुंदी वाढवून व गाडीची उंची कमी करून हा दोष घटवण्याचा प्रयत्न झाला. या पहिल्या रँग्लरचे चौकोनी दिवे जीपप्रेमींना रुचले नाहीत. १९९७ च्या रँग्लरमध्ये गोल दिवे परत आले आणि जुन्या पाट्यांऐवजी गुंडाळी स्प्रिंगा बसवण्यात आल्या. २००७ पासून चार दरवाजांची रँग्लर मिळू लागली. कुटुंबासह प्रवास करणाऱ्यांना ती सोयीची ठरल्याने विक्री बरीच वाढली. रँग्लर आजही ओहायो राज्यातील टोलीडो या विलिसच्या मूळ शहरात बनते. तिच्या रुबिकॉन या अधिक सक्षम प्रकाराचे नाव कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतातल्या एका खडतर वाटेवरून घेतले आहे.

वॅगनीअर, चेरोकी आणि ग्रँड चेरोकी

विलिसने १९४६ मध्येच पूर्ण पोलादी बांधणीची स्टेशन वॅगन आणली होती. तिचे रेखाटन ब्रुक्स स्टीव्हन्स यांचे होते. त्यांनीच आकार दिलेली वॅगनीअर १९६३ मध्ये बाजारात आली. उबदार, ऐसपैस आणि स्वयंचलित गिअरपेटीची सोय असलेली ही चारचाकी ओढीची गाडी त्या काळी अपूर्व होती. तिच्यावरच आधारलेली, बाजूंना लाकडासारखा पट्टा असलेली ग्रँड वॅगनीअर श्रीमंत घरांत लोकप्रिय झाली आणि मूळ आराखडा फारसा न बदलता १९९१ पर्यंत विकली गेली. ऐषारामी एसयूव्ही या कल्पनेचा आरंभ पुष्कळदा या गाडीपासून मानतात.

तंत्रदृष्ट्या अधिक महत्त्वाची गाडी मात्र १९८४ ची चेरोकी होय. तोपर्यंत अशा गाड्या ट्रकप्रमाणे स्वतंत्र सांगाड्यावर वरची पेटी बसवून बनत. अमेरिकन मोटर्सच्या अभियंत्यांनी, फ्रान्सच्या रेनो कंपनीच्या साहाय्याने, सांगाडा व पेटी एकसंध असलेली चेरोकी तयार केली. जुन्या वॅगनीअरपेक्षा ती सुमारे ४५० किलोंनी हलकी होती, तरीही दुर्गम वाटेवर तिची क्षमता कमी पडली नाही. नेहमीच्या मोटारगाडीऐवजी एसयूव्ही घेण्याची जी प्रथा पुढे जगभर रूढ झाली, तिला या गाडीने मोठी चालना दिली. अमेरिकेत ती २००१ पर्यंत बनत राहिली. चीनमध्येही ती बनली. १९८३ च्या करारातून उभी राहिलेली बीजिंग जीप ही तेथील मोटार उद्योगातील सुरुवातीच्या परदेशी भागीदाऱ्यांपैकी एक होती.

ग्रँड चेरोकीचे अनावरण जानेवारी १९९२ मध्ये डेट्रॉइटच्या वाहन प्रदर्शनात झाले. क्रायस्लरचे अध्यक्ष बॉब लट्झ यांनी शहराचे महापौर कोलमन यंग यांना शेजारी बसवून गाडी सभागृहाच्या पायऱ्यांवरून वर नेली आणि काचेची भिंत फोडून आत आणली. संसद भवनाच्या पायऱ्यांवरील १९४१ च्या प्रात्यक्षिकाची ही पुढची आवृत्ती म्हणावी लागेल.

बदलते मालक

जीपइतके मालक फार थोड्या नाममुद्रांनी पाहिले असतील. १९५३ मध्ये हेन्री कायझर यांच्या उद्योगसमूहाने विलिस-ओव्हरलँड विकत घेतली. कायझरच्या स्वतःच्या मोटारगाड्या अमेरिकेत लवकरच बंद पडल्या, जीप मात्र चालत राहिली. १९७० मध्ये ती अमेरिकन मोटर्सकडे गेली. ही कंपनी पुढे अडचणीत आल्यावर १९८७ मध्ये ली आयकोका यांच्या नेतृत्वाखालील क्रायस्लरने ती घेतली. या व्यवहारातील मुख्य आकर्षण जीप हेच होते. १९९८ मध्ये क्रायस्लर जर्मनीच्या डाइम्लर-बेंझमध्ये विलीन झाली. २००७ मध्ये सर्बेरस या गुंतवणूक संस्थेने ती घेतली आणि २००९ च्या दिवाळखोरीनंतर इटलीच्या फियाटने. फियाट आणि फ्रान्सचा पीएसए समूह यांच्या विलीनीकरणातून जानेवारी २०२१ मध्ये स्टेलँटिस अस्तित्वात आला. प्रत्येक वेळी जुनी कंपनी कमकुवत होती आणि जीप हा तिचा सर्वांत विक्रीयोग्य भाग होता.

या हस्तांतरांमुळे हक्कांची गुंतागुंतही झाली. लष्करी वाहनांचा विभाग अमेरिकन मोटर्सने १९७१ मध्ये एएम जनरल या नावाने वेगळा केला आणि नंतर विकून टाकला. याच कंपनीची ‘हमर’ ही गाडी जनरल मोटर्सच्या हाती आल्यावर तिच्या सात खाचांच्या जाळीला डाइम्लर-क्रायस्लरने २००१ मध्ये न्यायालयात आव्हान दिले. २००२ मध्ये न्यायालयांनी मनाई हुकूम देण्यास नकार दिला. दोन्ही जाळ्यांचे पूर्वज एकाच घरातले होते.

भारतातील जीप

जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्रा या बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह १९४५ मध्ये महिंद्रा अँड मोहम्मद ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी स्थापन केली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले व तेथील पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. विलिसच्या जीपचे सुटे भाग आणून ते मुंबईत माझगाव येथे जुळवण्याचे काम या कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केले. पुढे विलिसशी करार करून उत्पादनच भारतात होऊ लागले आणि मुंबईचे उपनगर कांदिवली त्याचे केंद्र बनले. अमेरिकेत सीजे-३बी १९६८ मध्ये बंद झाली. महिंद्राने मात्र तिचा आराखडा टिकवला, त्यात डिझेल इंजिने बसवली, लांबी वाढवली आणि अनेक दशके त्यावर आधारित गाड्या बनवल्या. थार या गाडीच्या २०१० च्या पहिल्या आवृत्तीतही ते रूप स्पष्ट दिसते.

मराठीत ‘जीप’ हे नाममुद्रेपेक्षा सामान्यनाम म्हणूनच रुळले आहे. तहसील कचेरीची, वनखात्याची, पोलिसांची गाडी ती जीप. एसटी न पोहोचणाऱ्या किंवा क्वचितच येणाऱ्या गावांना बाजारगावाशी जोडणारी भाड्याची गाडीही जीपच. पश्चिम महाराष्ट्रात तिला वडाप आणि अन्य काही भागांत काळी-पिवळी म्हणतात. यांतील बहुतेक गाड्या महिंद्रा किंवा अन्य भारतीय कारखान्यांच्या असतात आणि त्यांवर जीप हे नाव कुठेही नसते.

नाममुद्रा म्हणून जीप भारतात अधिकृतपणे आली ती ऑगस्ट २०१६ मध्ये. प्रारंभी आयात केलेल्या रँग्लर आणि ग्रँड चेरोकी विकल्या गेल्या. शिरूर तालुक्यातील रांजणगाव हे अष्टविनायकांपैकी महागणपतीचे स्थान म्हणून परिचित आहे. तेथील औद्योगिक वसाहतीत फियाट आणि टाटा मोटर्स यांच्या संयुक्त कारखान्यात २०१७ पासून कंपासचे उत्पादन सुरू झाले. उजव्या हाताला सुकाणू असलेल्या कंपास तेथून ब्रिटन, जपान आणि ऑस्ट्रेलिया या देशांत निर्यात करण्यात आल्या. २०२२ मध्ये तीन रांगांची मेरिडियन ही गाडी आली. रँग्लर आणि ग्रँड चेरोकी यांची जुळणीही पुढे रांजणगावातच होऊ लागली.

रॉक्सर प्रकरण

महिंद्राने २०१८ मध्ये रॉक्सर ही गाडी अमेरिकेत आणली. सार्वजनिक रस्त्यावर चालवण्यासाठी नव्हे, तर शेतात व आडवाटांवर वापरण्यासाठी ती होती आणि तिची जुळणी मिशिगन राज्यात होत असे. सीजे-३बी पासून थेट चालत आलेली ही गाडी अमेरिकेत परतताच जीपची तेव्हाची मालक फियाट क्रायस्लर हिने आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली. गाडीची चौकोनी पेटी, सपाट बाजू आणि बॉनेटची ठेवण जीपच्या विशिष्ट रूपाची नक्कल करते, असे तिचे म्हणणे होते. जाळीच्या रचनेबाबत २००९ मध्ये झालेल्या कराराचा आधार महिंद्राने घेतला. जून २०२० मध्ये आयोगाने महिंद्राविरुद्ध निर्णय देऊन त्या रूपातील रॉक्सरच्या विक्रीस मनाई केली. दर्शनी भाग बदलून केलेली नवी रॉक्सर मात्र उल्लंघन करत नाही, असा निर्वाळा त्याच वर्षाच्या अखेरीस मिळाला. आराखडा परवान्याने मिळाला असला तरी रूपावरील हक्क परवान्याबरोबर आपोआप येत नाही, हा व्यापारचिन्हविषयक मुद्दा या प्रकरणामुळे ठळक झाला.

सध्याची वाहने

रँग्लर आणि तिच्यावर आधारलेली ग्लॅडिएटर ही मागे उघडा हौदा असलेली गाडी स्वतंत्र सांगाड्यावर बनतात आणि जुन्या जीपच्या सर्वांत जवळच्या आहेत. दोन्हींचे दरवाजे काढण्याची आणि समोरची काच आडवी करण्याची सोय टिकून आहे. ग्लॅडिएटर हे नाव १९६० च्या दशकातील मालवाहू जीपवरून घेतले असून नवी गाडी २०१९ मध्ये विक्रीस आली. ग्रँड चेरोकी आणि ग्रँड वॅगनीअर या मोठ्या व महाग गाड्या होत. कंपास, रेनेगेड आणि अव्हेंजर या लहान गाड्यांचा आराखडा फियाट आणि पीएसए यांच्या मोटारगाड्यांशी निगडित आहे. रेनेगेड इटलीतील मेल्फी येथे बनत असे, तर अव्हेंजर पोलंडमध्ये बनते. प्रारंभी विजेवर चालणाऱ्या प्रकारात आलेल्या अव्हेंजरला २०२३ चा युरोपीय ‘कार ऑफ द इयर’ पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणारी ती पहिली जीप होय. तिच्या अनेक प्रकारांत इंजिनाची ओढ फक्त पुढच्या चाकांना मिळते. १९४० च्या निविदेतील पहिली अटच तिथे गळून पडली आहे.

चीनमधील उत्पादनाचा शेवट मात्र निराशाजनक झाला. ग्वांगझू येथील भागीदारी २०२२ मध्ये मोडली आणि संयुक्त कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

आक्षेप

१९९३ नंतरच्या काही ग्रँड चेरोकी आणि २००२ नंतरच्या काही लिबर्टी गाड्यांत इंधनाची टाकी मागच्या आसाच्याही मागे होती. मागून धडक बसल्यास आग लागण्याच्या शक्यतेमुळे अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये सुमारे २७ लाख गाड्या परत बोलावण्यास सांगितले. क्रायस्लरने आधी नकार दिला आणि नंतर सुमारे १५.६ लाख गाड्यांबाबत ते मान्य केले. जुलै २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या संगणक-सुरक्षा संशोधकांनी महामार्गावरून धावणाऱ्या चेरोकीचा ताबा दूरवरून, मोबाइल जाळ्यातून मिळवून दाखवला. त्यानंतर कंपनीने सुमारे १४ लाख वाहने संगणकप्रणाली सुधारण्यासाठी परत बोलावली. मोटारींच्या संगणकीय सुरक्षेविषयीच्या चर्चेत या घटनेचा उल्लेख हमखास होतो.

चेरोकी हे नाव अमेरिकेतील एका मूलनिवासी राष्ट्राचे आहे. १९७४ मध्ये ते प्रथम वापरले गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये चेरोकी राष्ट्राचे प्रमुख चक हॉस्किन कनिष्ठ यांनी आपल्या लोकांचे नाव गाडीच्या बाजूला चिकटवल्याने त्यांचा सन्मान होत नाही, अशी भूमिका जाहीरपणे मांडून ते नाव थांबवण्याची मागणी केली. चेरोकी ही गाडी २०२३ मध्ये बंद झाली. तथापि त्याच नावाची नवी गाडी २०२६ च्या आवृत्तीसाठी जाहीर करण्यात आली असून ग्रँड चेरोकी हे नाव मधल्या काळातही चालूच होते.